प्रयागबाईंच्या कोपीकडे कोणी का येईना

मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईकडे लोक मुख्यतः दोन कामांसाठी येतात. एक, "माझ्या मनात आत्ता काय चाललंय ते ओळखा बघू." आणि दोन, "पोराचं अभ्यासात मन लागत नाही, काहीतरी करा." पहिल्या मंडळींना मी "चहा प्यावासा वाटतोय" असं सांगत असे आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे. दुसऱ्यांना काय सांगावं ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या प्रकारचे गृहस्थ एकदाच भेटले, जळकोटच्या स्टँडवर. त्यांची म्हैस धार काढताना दूध चोरायची. म्हशीच्या मनाचं आम्हाला शिकवलेलं नाही, असं मी म्हणाले. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मग शिकवलंय तरी कुणाचं?"

तेवढ्यात माझी एसटी आली, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. प्रश्न मात्र अजून माझ्याकडेच आहे.

माझा खरा विषय सामाजिक मानसशास्त्र. एकटा माणूस एक वागतो आणि चारचौघांत तोच माणूस भलतंच वागतो, ते का, याचा अभ्यास. तालुक्याच्या कॉलेजात मी हा विषय उभा जन्म शिकवला. पुस्तकातली उदाहरणं साता समुद्रापलीकडची असत, ती आमच्या पोरांच्या डोक्यावरून जात. म्हणून मी इथलीच शोधून काढत असे. आळीतली पाण्याची टाकी भरून वाहत असते. आवाज सगळ्यांना येतो, पण मोटार बंद करायला कोणी उठत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा उठला असेल. एकच घर असतं तर पहिल्या मिनिटाला उठलं असतं. किंवा कंडक्टर खेकसला की आपण म्हणतो, माणूसच खडूस आहे. आपण वर्गावर खेकसलो की म्हणतो, सकाळपासून लाईट नाही, डोकं उठलंय. दुसऱ्याचं वागणं त्याच्या स्वभावावर ढकलायचं आणि आपलं परिस्थितीवर, असा हा सगळा व्यवहार आहे.

आमच्या ह्यांनी एकदा एक कूलर आणला. त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा होता. पहिल्या रात्री ते कुशी बदलत राहिले आणि आठवड्याभरात सांगू लागले की अशा आवाजानं झोप गाढ लागते. केलेली गोष्ट चुकली हे मनाला सहन होत नाही, म्हणून मन मागाहून कारण तयार करतं. हे मी वर्गात सांगितलं आणि पोरं पोट धरून हसली. कूलर अजून घरात आहे. आता मलाही त्याच्याशिवाय झोप येत नाही, हे मात्र मी वर्गात सांगितलं नाही.

सिद्धांत बरोबर निघतात तेव्हा छान वाटतं. पण एकदा मी फळ्यावर खडूनं दोन रेघा ओढल्या, वरची लांब, खालची आखूड. पाच जणांना आधी पढवून ठेवलं की खालचीच लांब म्हणा. सहावी मुलगी त्यांचं ऐकून तसंच म्हणेल, असं पुस्तक सांगतं. ती उठली, "वरची" म्हणाली आणि खाली बसली. मग माझ्या पढवलेल्या पाच जणांची आपसात कुजबुज सुरू झाली आणि त्यातला एक मला विचारू लागला, "मॅडम, खरंच कुठली मोठी हाय?" मला फूटपट्टी मागवावी लागली. माझी नोकरी साधारण अशी झाली. पुस्तक हातात असायचं आणि समोर माणसं, आणि दोघांचं काही केल्या जुळायचं नाही.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षीची येळवस.

आमच्या धाराशिवकडे वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. थंडीच्या दिवसांत येते. ज्वारी उभी असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एक लहानशी कोप करतात, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावून पांडव म्हणून पुजतात. मग जेवण. शेंगभाज्या आणि डाळीच्या पिठाची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची भाकर, खीर, आणि मडकंभर आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं पेय. मुख्य म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख असो नसो, शेतातून उपाशी कोणी जाऊ द्यायचं नाही. दुपारपर्यंत माणूस पाच-सहा कोपींवर जेवून आलेला असतो आणि तरी सातव्या कोपीवर त्याला धरून बसवतात.

माझं माहेर परंड्याचं, दुकानदाराचं. आम्हाला शेत नव्हतं. सासर तेरचं, म्हणून दर येळवशीला आम्ही तेरला जात असू. त्यामुळे जळकोटला राहूनही इथली येळवस मी कधी पाहिली नव्हती, आणि शेजारच्या घरी काय चाललंय ते मला माहीत नव्हतं.

शेजारी म्हणजे प्रयागबाई. बकऱ्या राखणाऱ्यांचं घर. गावालगत थोडं रान, गोठ्यात काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या. नवरा, ज्यांना सगळं गाव विठ्ठलकाका म्हणे, त्या येळवशीच्या तीन वर्षं आधी कार्तिकात अचानक गेले. लेक सोलापूरला दिलेली. प्रयागबाई एकट्याच रान आणि शेळ्या बघत होत्या, आणि माझ्या दृष्टीनं झकास बघत होत्या. गेल्या वर्षी येळवशीच्या पंधरवडाभर आधी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"म्याडम, बकऱ्या इकायच्या म्हणते. ब्यापाऱ्याला येळवस झाली की शनिवारी या म्हणलंय."

"का हो? आजारी आहेत का?"

"त्यांना काय हुतंय! म्याच चालले सोलापूरला, लेकीकडं. रान लिंबराजला बटईनं कसायला द्यायचं."

लिंबराज म्हणजे त्यांच्या बांधाला बांध असलेला शेतकरी. मी विचारत राहिले तेव्हा खरं बाहेर आलं. काका गेले त्या वर्षी येळवस केलीच नव्हती, ते रीतीप्रमाणंच होतं. पण नंतरच्या दोन्ही वर्षी त्यांनी सगळं रांधलं, कोप केली, पांडव पुजले आणि दिवसभर वाट बघत बसल्या. एक माणूस आला नाही. आंबिलाचं भरलेलं मडकं तसंच डोक्यावर घेऊन त्या गावातून परत आल्या आणि ते शेळ्यांपुढं ओतलं.

"काका व्हते तवा पंगत उठत नव्हती माझ्या कोपीपुढची," त्या म्हणाल्या. "आता न्हाय येत कोण. रांडमुंड बाईच्या हातचं कोण खाईल वो?"

हे त्यांनी अगदी सरळ आवाजात म्हटलं. मला राग आला, गावाचा. मी म्हणाले, असं नसणार. त्या म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या हाव, तुमाला न्हाय कळायचं. या येळवसला बगते. मडकं भरलेलं परत आलं की शनिवारी बकऱ्या जातील."

आता हे माझ्या विषयातलं होतं. निवृत्त माणसाला एवढं पुरतं. मी कामाला लागले.

पहिल्यांदा गेले महारुद्रअप्पांच्या किराणा दुकानात. अप्पांना गावातली प्रत्येक बातमी माहीत असते. मी आडून आडून विचारलं. अप्पा तराजूत साबुदाणा टाकत म्हणाले, "बरोबर हाय ओ मॅडम. पहिल्या साली आमी म्हणलं, एकटी बाई, अजून दुःखात हाय, किती जणांचं रांधंल? कशाला तरास द्यायचा? म्हणून गेलो न्हाय."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या साली म्हणलं, तिलाच आता कोण आलेलं आवडत न्हाय वाटतं."

"असं त्या म्हणाल्या?"

अप्पांचा हात तराजूवर थांबला. "त्या न्हाय म्हणल्या. लोकं म्हणत व्हते."

"कोणते लोक?"

"लिंबराजला इचारा. त्याचं रान शेजारी हाय."

लिंबराजला विचारलं तर तो म्हणाला, मला काहीच नाही, मी कधीही जाईन, पण बाकीचे जात नाहीत म्हटल्यावर काहीतरी झालं असेल ना? काकू अलीकडं तोंडाळ झाल्यात असं ऐकलंय. कुणाकडून ऐकलं? महारुद्रअप्पांच्या दुकानात.

मी घरी येऊन चहा केला आणि बराच वेळ तो प्यायलेच नाही. कोणी बहिष्कार टाकला नव्हता. विधवेच्या हातचं खायचं नाही असं माझ्यापुढं तरी कोणाच्या तोंडून आलं नाही. पहिल्या वर्षी लोक तिच्यावरच्या मायेनं गेले नव्हते. मग न जाणं अंगवळणी पडलं, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीला कारण हवं म्हणून दर वर्षी नवं कारण तयार झालं, आमच्या कूलरसारखं. आणि तिकडे प्रयागबाई मनाशी धरून बसल्या होत्या की गाव दुष्ट आहे.

समजा, वर्गात मी "समजलं का?" असं विचारते. सगळे गप्प बसतात. एकालाही समजलेलं नसतं, पण प्रत्येकाला वाटतं की बाकीचे गप्प आहेत म्हणजे त्यांना समजलंय, आपणच ढ. सगळ्यांनी मिळून सगळ्यांविषयी करून घेतलेला हा गैरसमज. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे आणि उपायही सोपा दिलाय: प्रत्येकाला सांगा की दुसऱ्यालाही तुमच्यासारखंच वाटतंय. गाठ आपोआप सुटते.

मी सांगत सुटले. अप्पांना सांगितलं की लिंबराजला जायचंय. लिंबराजला सांगितलं की अप्पांना जायचंय. लिंबराजची बायको शेषा हापशावर भेटली, तिलाही सांगितलं. सगळे म्हणाले, "व्हय का? मग जाऊ की सगळे!" मला इतका आनंद झाला की मी प्रयागबाईंना जाऊन सांगितलं, "भरपूर रांधा. यंदा सगळे येणार आहेत."

प्रयागबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "नक्की?"

"माझा शब्द आहे," मी म्हणाले.

येळवशीला हे एकटेच तेरला गेले. "माणसांवर प्रयोग करू नकोस, आंबील पिऊन गप्प बस," असं जाताना म्हणाले. मी सकाळी प्रयागबाईंबरोबर रानात गेले. त्यांनी खरोखरच काकांच्या वेळेइतकं केलं होतं. पूजा झाली. मला त्यांनी जेवायला वाढलं नाही. "पावणे आले की समदे संगं बसू," म्हणाल्या. मीही म्हणाले, अर्थातच.

दुपार झाली. आजूबाजूच्या प्रत्येक रानात पंगती दिसत होत्या, हसण्याचे आवाज येत होते, हाका ऐकू येत होत्या. आमच्याकडं कोणी आलं नाही. एकदा लिंबराज बांधापर्यंत आला, इकडं पाहिलं आणि परत फिरला. पलीकडच्या वाटेवर अप्पा दोन-तीन जणांबरोबर उभे राहिले, त्यांनीही इकडं पाहिलं आणि दुसऱ्या कोपीकडं वळले. मला कारण दिसत होतं. सगळ्यांना यायचं होतं आणि सगळेच बघत होते की पहिला कोण जातो. मी एक गाठ सोडवली होती आणि तिच्या जागी दुसरी बसली होती. पण हे त्या क्षणी प्रयागबाईंना सांगून काय करायचं होतं? टाकीचं उदाहरण देऊ? मी उंडे झाकलेल्या फडक्याकडं बघत बसले. मला शरम वाटत होती आणि भूकही लागली होती.

प्रयागबाईंनी मडक्यावरचं झाकण नीट केलं. मग एकदम उठल्या, पदर खोचला आणि तरातरा लिंबराजच्या बांधाकडं निघाल्या. चेहरा बघून मी मागे धावले. भांडण होणार, हे कळायला मानसशास्त्र लागत नव्हतं.

लिंबराजच्या कोपीपुढं पंगत बसली होती. अप्पाही तिथंच येऊन टेकले होते. प्रयागबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लिंबराज, मला सांग, माझ्या हाताला काय लागलंय?"

पंगतीतले हात थांबले. लिंबराज उठू लागला. तेवढ्यात शेषा ताट घेऊन पुढं झाली.

"काकू, बसा आधी."

"म्या बसाय न्हाय आले. भांडाय आले."

"मग उभ्यानं खावा. पर खाल्ल्याबिगर न्हाय जायचं. आज येळवस हाय."

आणि तिनं खरोखरच ताट त्यांच्या हातात दिलं. येळवशीचं ताट परत करता येत नाही. प्रयागबाईंनी ते हातात धरलं, तोंडात भांडण तयार होतं, ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. भज्जीत बुडवला. खाल्ला. सगळी पंगत त्यांच्याकडं बघत होती.

"भज्जीत चिंच कमी हाय," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. "आन् आंबील लई पातळ झालंय तुझं."

"मग तुमचं द्या की आणून," शेषा म्हणाली.

"माझं हाय तिकडं मडकं भरून. दोन साल झाली भरूनच परत जातंय. कोण पितंय?"

तेव्हा लिंबराज म्हणाला, "काकू, तुमच्या कोपीवरनं हाकच येत न्हाय. काका व्हते तवा बांधावर उभं राहून हाळी द्यायचे, पार हमरस्त्यापतुर ऐकू जायची. आता हाक न्हाय, काय न्हाय. बिनबोलवता कसं यावं?"

प्रयागबाईंचा घास तोंडातच राहिला. "हाक?" त्या म्हणाल्या. "हाक तर त्येच मारायचे. म्या चुलीपुढं असायची. मला वाटायचं, लोकं आपलं आपुन येत्यात."

माझं डोकं पार गरगरायला लागलं. हे खरं कारण होतं? मग मी विचारलं तेव्हा लिंबराजनं ते का सांगितलं नाही? तेव्हा तो म्हणाला होता तोंडाळ झाल्यात. की हेही कारण त्याला आत्ता, प्रयागबाईंच्या डोळ्यांत पाणी बघून, जागच्या जागी सुचलं? की ते त्यालाही माहीत नव्हतं आणि बोलता बोलता सापडलं? मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो मनापासून बोलत होता. पण मनापासून तर तो पहिल्या वेळीही बोलला होता.

प्रयागबाईंनी ताट संपवलं, खाली ठेवलं आणि आल्या तशा परत निघाल्या. मी पुन्हा मागे. आपल्या बांधावर येऊन त्या थांबल्या. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी रानात गडीमाणसांना अशी हाक मारली नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी मारा म्याडम, तुमाला वर्गात वरडायची सवं हाय."

मी तोंड उघडणार होते. का कोण जाणे, पण मी नाही म्हणाले. "तुमचं रान आहे, तुम्हीच मारा."

त्यांनी कोपीकडं पाहिलं, पांडवांच्या चुन्याच्या दगडांकडं पाहिलं. मग दोन्ही हातांचा कर्णा करून तोंडाशी धरला. "या होऽ जेवायलाऽ!" पहिली हाक चिरकी निघाली. दुसरी बांधापर्यंत गेली. तिसरी मला वाटतं हमरस्त्यापर्यंत गेली असेल, कारण रस्त्याच्या कडेला ट्रक लावून पाणी पीत उभा असलेला एक ड्रायव्हरही वळून बघू लागला.

लिंबराजची अर्धी पंगत उठून हातात भाकरी घेऊनच आली. अप्पा आले. शेषा आंबिलाचे रिकामे तांबे घेऊन आली. मागून कुठल्या कुठल्या रानातले लोक आले, आणि तो ट्रक ड्रायव्हरही बूट काढून पंगतीत बसला. एकजण म्हणाला, "काकू, दोन साल झाली वाट बगायलोय या आंबिलाची." मी त्याला विचारणार होते की मग आला का नाहीस बाबा. विचारलं नाही. त्यानं अजून एक कारण दिलं असतं, आणि ते ठेवायला माझ्या डोक्यात जागा उरली नव्हती.

दिवसभर मी याला नाव शोधत होते. शेषानं ताट दिलं म्हणून ऋण झालं आणि फेडायला लोक आले? पहिला पुढं गेला म्हणून बाकीचे गेले? की नुसती हाक? की दोन वर्षं दाबून ठेवलेली लाज एका ताटासमोर सुटली? पुस्तकात प्रत्येकाला वेगळं प्रकरण आहे. माझ्याकडं सगळीच प्रकरणं बरोबर येत होती, आणि तसं झालं की एकही उपयोगाचं राहत नाही. म्हशीवाल्या गृहस्थांनी तिथं मला विचारलं असतं तरी मी एसटीची वाट बघितली असती.

ऊन कललं. माणसं ढेकर देत पांगली. प्रयागबाईंनी मडक्यात हात घालून तळ खरवडला, बोटाला लागलेलं चाटलं आणि मग एकदम माझ्याकडं बघितलं.

"आगं बया! म्याडम, तुमी जेवलाव का?"

मी मान हलवली. सकाळपासून पावण्यांची वाट बघत बसले होते आणि पावणे आल्यावर वाढत सुटले होते.

"आंबील संपलं वो," त्या म्हणाल्या. "काय बी न्हाय राह्यलं." आणि हसू लागल्या. इतक्या हसल्या की खाली बसल्या. मीही बसले, आणि का कोण जाणे, मला रडू आलं.

घरी निघताना त्यांनी भांड्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि मडकं माझ्या हातात दिलं. मी सवयीनं ते दोन्ही हातांनी जपून सरळ धरलं.

"आता पालथं धरलं तरी चालतंय," त्या म्हणाल्या. "आन् शनिवारी तो बकऱ्यावाला आला, तर सांगा, म्या घरी न्हाय."